बँकेला पाहिजे म्हणून केलेलं भागीदारीपत्र

भागीदारीपत्राची मागणी माझ्याकडे बहुतेक वेळा फोनवर येते आणि साधारण अशीच येते. "मॅडम, करंट खातं काढायचंय, बँकवाले डीड मागाय लागल्यात. तुमच्याकडं तयार असंलच की एखादं. आमची नावं घाला आणि द्या. उद्या सकाळी मिळंल न्हवं?"

नावं घालून दिलेली तयार डीडं मी भरपूर पाहिली आहेत. कास्टिंगचं मशीनिंग करणाऱ्या एका वर्कशॉपचं डीड रिटर्नच्या निमित्ताने माझ्यासमोर आलं, त्यात फर्मचा उद्देश ‘हॉटेल, परमिट रूम व केटरिंग’ असा होता. कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरच्या जुन्या फाइलमध्ये नावं आणि पत्ते बदलले, उद्देश तसाच राहिला. दोन्ही भागीदारांच्या प्रत्येक पानावर सह्या, नोटरीचा शिक्का, बँकेने खातंही उघडून दिलेलं. एवढ्या हातांतून कागद गेला आणि वाचला एकानेही नव्हता.

मी वकील नाही, कर सल्लागार आहे. कोल्हापुरात छोटं ऑफिस आहे आणि अशिलांत निम्मे तरी शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतले जॉबवर्कवाले, म्हणजे दुसऱ्यांचा माल मशीनवर करून देणारे. डीडचा मसुदा मी करते आणि शेवटी एका वकीलबाईंकडून तपासून घेते. पण मसुद्याच्या आधी दोघा-तिघांना समोर बसवून जे विचारते, त्यातच खरं काम असतं. त्यावर गेल्या महिन्यात एकाने कुरकुर केली, की तुम्ही लग्न जुळवताना विचारतात त्याच्यापेक्षा जास्त विचारता. म्हणून हे लिहिते आहे. पुढच्या वेळी सरळ लिंक पाठवून देईन.

लोकांची समजूत अशी, की लिहिलं नाही म्हणजे अजून काही ठरलेलं नाही, वेळ येईल तेव्हा बघू. प्रत्यक्षात तुम्ही लिहीत नाही तेव्हा तुमच्या वतीने सगळं आधीच ठरलेलं असतं. भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा. तुमच्यात वेगळा करार नसेल तर काय धरायचं, हे त्यात कलमवार दिलेलं आहे. भांडवल कुणी किती घातलं याच्याशी संबंध नाही, नफा-तोटा सारखा. दहा लाख घालणारा आणि एक लाख घालणारा दोघे निम्मे-निम्मे. धंद्यात राबल्याबद्दल भागीदाराला पगार नाही. भांडवलावर व्याज नाही. भांडवलाच्या वर कुणी फर्मला उसने पैसे दिले तर त्यावर मात्र व्याज आहे, दर साल ६ टक्के. हा ६ चा आकडा १९३२ पासून तोच आहे. आज गावातली पतसंस्था कितीने कर्ज देते ते तुम्हाला माहीत आहे.

तर प्रश्न डीड आहे की नाही असा नसतोच. एक तर तुमचं असतं, नाहीतर ९० वर्षांपूर्वी कुणीतरी तुमच्यासाठी लिहून ठेवलेलं असतं.

हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही. म्हणून मी आकडे मांडते. अलीकडेच दोघे मित्र आले होते. एकजण बरीच वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर सेटर (मशीन कामाला लावून देणारा), हातात कला आहे, ड्रॉइंग बघितलं की माल पकडायचं फिक्श्चर कसं लागेल ते सांगतो. दुसऱ्याकडे रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे आलेले. सेटर एक लाख घालणार, जमीनवाला दहा लाख, मशीनला बँकेचं कर्ज. रोज शेडवर सेटर उभा राहणार, जमीनवाला आठवड्यातून एखादी चक्कर. आपली ओळख शाळेपासूनची आहे, असं दोघांनीही सांगितलं.

"पगार किती घेणार?" मी सेटरला विचारलं.

"पगार कशाला मॅडम? आपलाच धंदा हाय. लागंल तशी उचल घीन की."

जमीनवाला मान हलवत होता. त्याच्या चेहऱ्यावर कौतुकच होतं.

मी कागद ओढला. समजा वर्षअखेर सगळा खर्च, हप्त्याचं व्याज, घसारा जाऊन चार लाख राहिले. डीडमध्ये पगार नाही, व्याज नाही, फक्त ‘नफा-तोटा समान’. फर्मला आयकर सपाट ३० टक्के, वर उपकर ४ टक्के, म्हणजे १,२४,८०० रुपये. उरले २,७५,२००. प्रत्येकी १,३७,६००. आता सेटरने घर चालवायला महिन्याला वीस हजार उचल घेतली असेल तर वर्षाचे झाले २,४०,०००. वाट्याला आले १,३७,६००. त्याचं एक लाख भांडवल तर संपलंच, वर खातं दोन हजार चारशेने उणे. वर्षभर मशीनवर उभा राहिलेला माणूस फर्मचं देणं लागतो आणि आठवड्याला चक्कर मारणाऱ्याचं खातं फुगलेलं. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही बरं का. दोघेही मान हलवतच इथपर्यंत आले असते.

मग दुसरी बाजू लिहिली. डीडमध्ये सेटरला महिना वीस हजार पगार आणि दोघांच्याही भांडवलावर १२ टक्के व्याज. आयकरात व्याजाची मर्यादा १२ टक्केच आहे. पगारालाही मर्यादा आहे, पण सध्याच्या आकड्यांप्रमाणे एवढ्या नफ्यावर तीन लाखांपर्यंत चालतो, तेव्हा त्यात आपण बसतो. पगाराचे २,४०,०००, दहा लाखांवरचं व्याज १,२०,०००, एक लाखावरचं १२,०००. चार लाखांतून हे वजा केलं की फर्मचा नफा राहतो २८,०००, आणि त्यावर कर ८,७३६. करानंतरचा नफा निम्मा-निम्मा केला तर सेटरच्या हाती एकूण २,६१,६३२ आणि जमीनवाल्याच्या हाती १,२९,६३२.

जमीनवाल्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्याचं पहिल्यात १,३७,६००, दुसऱ्यात १,२९,६३२. "म्हंजे माझं आठ हजारच कमी व्हत्यात?"

हो. आणि मित्राचे एक लाख चोवीस हजार वाढतात. मधला फरक सरकारकडे जायचा तो वाचला. पगार आणि व्याज ज्याच्या-त्याच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून धरलं जातं हे खरं, त्यामुळे जमीनवाल्याचं दुसरं उत्पन्न किती आहे ते बघून व्याजाचा दर ठरवावा. १ एप्रिल २०२५ पासून आणखी एक गोष्ट आली आहे. भागीदाराला दिलेला पगार, व्याज, कमिशन मिळून वर्षात वीस हजारांच्या वर गेलं की फर्मने १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच आयकर, कापायचा. नफ्याचा वाटा त्यात येत नाही. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत म्हणून मी इथे क्रमांक देत नाही, पण मूळ अट जुनीच आहे. पगार किंवा व्याज फर्मच्या खर्चात धरायचं तर ते लेखी भागीदारीपत्रात हवं, आणि पत्राच्या तारखेपासून पुढचंच धरलं जातं. मार्चअखेर ताळेबंद करताना "मॅडम, पगार टाका की तेवढा" म्हणून उपयोग नसतो. मागच्या तारखेचं डीड करून द्या, असंही सुचवणारे असतात. त्यांना मी चहा पाजते आणि दुसरा सल्लागार शोधायला सांगते.

पैशांचं इतकं सविस्तर सांगितलं, कारण लोक इथेच जागे होतात. पण घरं मोडतात ती दुसऱ्या एका कलमावर. त्याचा विषय काढला की समोरचा एक तर हसतो, नाहीतर टेबलाच्या लाकडाला हात लावतो. दोघांपैकी एकजण गेला तर काय?

कायदा म्हणतो, वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. बऱ्याच तयार डीडांत म्हणून एक वाक्य असतं, ‘कोणत्याही भागीदाराच्या मृत्यूने फर्म बंद होणार नाही, उर्वरित भागीदार व वारस धंदा चालू ठेवतील’. तीन-चार भागीदार असतील तर ठीक. दोघांच्याच फर्ममध्ये हे वाक्य लंगडं पडतं. एक गेला की उरतो एकच, आणि एकट्याची भागीदारी होत नाही. सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या आयकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ सालीच हे स्पष्ट केलं आहे. वारसाला भागीदार व्हायचं असेल तर उरलेल्याशी नव्याने करार करावा लागतो. दोघांपैकी कुणावरही तशी सक्ती नाही.

आता हे वर्कशॉपमध्ये उतरवून बघा. शेड भाड्याची, भाडेकरार एकाच्या नावावर. मशीन फर्मच्या नावावर, कर्जाला दोघांची जामीनकी. पंधरा दिवसांचा माल गिऱ्हाइकाच्या कास्टिंगसह शेडमध्ये पडलेला. आणि जाणाऱ्याची बायको, जिने शेडचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही, तिला तिचा भाऊ सांगतोय, वहीत नाव बघून घे. उरलेला भागीदार हिशेब न मिटवता तोच धंदा चालवत राहिला तर कायदा वारसांना पर्याय देतो: त्यांच्या वाट्याची मालमत्ता वापरून झालेल्या नफ्यातला हिस्सा, नाहीतर वाट्याच्या रकमेवर ६ टक्के व्याज. हिस्सा म्हणजे किती हे ठरवायलाच वर्षं जातात. मशीनची किंमत वहीतली धरायची की बाजारातली? गिऱ्हाईक जोडलेलं आहे त्याची किंमत काय? मी पाहिलेल्या एका प्रकरणात या दोन प्रश्नांवर एकाच गल्लीतल्या दोन घरांचं गणपतीला जाणं-येणं बंद झालं. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या, हे त्यातलं वाईट.

म्हणून दोघांच्या डीडमध्ये मी वारसांच्या त्या वाक्याऐवजी दुसरं घालायला लावते. एक गेल्यास उरलेल्याला धंदा एकमालकी म्हणून चालवायचा हक्क. वारसांना द्यायची रक्कम कोणत्या तारखेच्या ताळेबंदावरून, मशीनचं मूल्यांकन कुणाकडून, गुडविल (धंद्याच्या नावाची आणि जोडलेल्या गिऱ्हाइकाची किंमत) धरायचं की नाही आणि धरायचं तर मागच्या किती वर्षांच्या सरासरी नफ्यावर. रक्कम किती हप्त्यांत आणि हप्ते थकले तर व्याज किती. जमलं तर दोघांनी एकमेकांच्या नावाने फर्मच्या खर्चातून मुदत विमा काढावा, म्हणजे वारसांना द्यायला मशीन विकावं लागत नाही. काहीजण बायकोला किंवा भावाला लहान हिश्श्याने तिसरा भागीदार करून घेतात. तोही मार्ग आहे, फक्त तिसऱ्याला सांगून करा. फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार सगळ्यांसोबत आणि एकटासुद्धा पूर्ण जबाबदार असतो. पाच टक्क्यांच्या भागीदाराच्या घरावरसुद्धा बँक येऊ शकते. ‘नावाला ठेवलंय वहिनींना’ असं कुणी म्हणालं की मी वहिनींनाच ऑफिसला बोलावते.

नोंदणीचं थोडक्यात. फर्म नोंदवलीच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही, आणि न नोंदवलेल्या फर्मचं डीडही खोटं ठरत नाही. पण गिऱ्हाइकाने सात लाख बुडवले तर न नोंदवलेली फर्म करारावर बोट ठेवून त्याच्यावर दिवाणी दावा लावू शकत नाही, आणि भागीदारही आपल्या हक्कासाठी फर्मवर लावू शकत नाही. महाराष्ट्राने १९८४ साली याच्याही पुढे जाऊन न नोंदवलेल्या फर्मच्या भागीदारांना फर्म मोडण्याचा आणि हिशेब मागण्याचा दावाही बहुतेक बंद करून टाकला होता. ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. तरी ‘मोडायचा दावा लावता येतो’ एवढ्यावर समाधान मानून नोंदणी टाळू नका. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे एकदा काय ते कागद घाला आणि मोकळे व्हा. भागीदार बदलला, पत्ता बदलला तरी तिथे कळवायचं असतं, ते मात्र नव्वद टक्के लोक विसरतात असा माझा ढोबळ अंदाज.

निवृत्त होणाऱ्याने तर हे विसरूच नये. भागीदारी सोडल्याची जाहीर नोटीस निघेपर्यंत, तुम्हाला भागीदार समजून फर्मशी व्यवहार करणाऱ्याला तुम्ही बांधील राहता. नोंदलेल्या फर्मच्या बाबतीत जाहीर नोटीस म्हणजे रजिस्ट्रारला कळवणं, शिवाय राजपत्रात आणि स्थानिक भाषेच्या एका वर्तमानपत्रात प्रसिद्धी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘आजपासून माझा फर्मशी संबंध नाही’ असं टाकून हात जोडलेले मी पाहिले आहेत. त्याला नोटीस म्हणत नाहीत.

भावाभावांच्या बाबतीत वेगळीच अडचण. तिथे लिहू या म्हणणं हाच अपमान. थोरला म्हणतो, "मी काय त्याचं खाणार हाय व्हय?" धाकटा खाली बघतो. अशा वेळी मी अविश्वासाचा शब्दच काढत नाही. दादांना एवढंच विचारते, की तुमच्या दोघांचं ठीक आहे हो, तुमच्या मुलांनी हे कुठून शिकायचं? थोरला हा प्रश्न सहसा उडवून लावत नाही. आणि एक अनुभव सांगते. शेडवर येणारी प्रत्येक चहाची किटली रोजमेळात लिहिणारा माणूस भावाशी केलेला दहा लाखांचा व्यवहार तोंडी ठेवतो. त्याला विश्वास म्हणायचं की संकोच, ते ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते निव्वळ संकोच.

लवादाच्या कलमाचंही असंच. वाद झाला तर कोण, यावर बहुतेक जण एकदम ‘मामा’ म्हणतात. मामांबद्दल आदर आहे, पण मामा ७८ वर्षांचे आहेत आणि मामा एकाचेच आहेत. व्यक्तीचं नाव घालू नका, नेमायची पद्धत घाला.

त्या दोघांना मी वेगवेगळे कागद दिले होते. तीन प्रश्न. पाच वर्षांनी धंदा किती मोठा हवा? कुणाचा मुलगा, भाऊ, मेव्हणा कामाला आला तर तो पगारी की वाटेकरी? आणि वेगळं व्हायची वेळ आली तर गिऱ्हाईक कुणाचं? पहिल्यावर सेटरने लिहिलं, दोन मशीन पुरे, स्वतः लक्ष घालता आलं पाहिजे. जमीनवाल्याने लिहिलं, कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीत स्वतःचा प्लॉट, दहा मशीन. शाळेपासूनची ओळख, आणि हे त्यांनी एकमेकांना कधी विचारलेलंच नव्हतं. दोघे बराच वेळ कागदाकडे बघत बसले, मग सेटर म्हणाला, "भावा, धा मशीनवर माणसं कुठनं आणणार तू?" तिथून पुढे अर्धा तास मी काही बोललेच नाही. ते बोलत होते.

शेवटी ठरलं ते असं. तीन वर्षं नफ्यातला ठरावीक भाग कुणी उचलायचा नाही. तिसरं मशीन घ्यायचं तर दोघांची लेखी संमती. नातेवाईक आला तर पगारी. एकट्याच्या सहीने चेक पन्नास हजारांपर्यंत, वर दोघांच्या. गिऱ्हाइकाचं कलम मात्र त्या दिवशी सुटलं नाही. सेटरचं म्हणणं, माल माझ्या हातामुळे पास होतो, गिऱ्हाईक माझ्यामागे येणार. जमीनवाल्याचं म्हणणं, मग माझे पैसे काय नुसते मशीन पुसायला? बाहेर पडणाऱ्याने तोच धंदा करू नये अशी अट कायद्याला चालते, पण मुदत आणि हद्द वाजवी हवी. आयुष्यभर आणि अख्ख्या जिल्ह्यात असं लिहिलं तर कोर्टात टिकणं कठीण. घरी जाऊन विचार करा म्हटलं.

आठवड्याने आले तेव्हा तोडगा त्यांनीच आणला होता. वेगळं व्हायच्या दिवशी जी गिऱ्हाइकं फर्मकडे असतील त्यांचं काम बाहेर पडणाऱ्याने एक वर्ष घ्यायचं नाही, नवीन कुणाचंही घ्यावं. वकीलबाई म्हणाल्या, चालेल.

डीड मराठीत केलं. ते इंग्रजीतच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. बँकेचा माणूस थोडी नाराजी दाखवतो, दाखवू द्या. सह्या करणाऱ्याला जे वाचता येत नाही त्यावर सही घ्यायला मला बरं वाटत नाही. सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. चौथ्या पानावर सेटरने थांबवलं. पगाराच्या कलमात मी ‘दरमहा रुपये वीस हजार’ एवढंच लिहिलं होतं. त्याने विचारलं, "मॅडम, मी महिनाभर आजारी पडलो तर?" जमीनवाला लगेच म्हणाला, "तर बी मिळंल. लिवा तसं." मी लिहिलं, आजारपणात तीन महिन्यांपर्यंत. पुढे दोघांनी मिळून ठरवायचं. चौथं पान परत छापलं, आणि दुसऱ्या दिवशी नोटरीकडे जाण्याआधी दोघांनी ते पुन्हा एकदा वाचून घेतलं.